परगाव पाहावे कसे?

प्रवासाहून परतलेल्या माणसाला आपल्या वऱ्हाडात दोन प्रश्न हटकून विचारतात. एक, "काय काय पाह्यलं?" आणि दुसरा, "किती लागले?" पहिल्याचे उत्तर बहुधा यादीसारखे येते. अमुक देऊळ, तमुक किल्ला, एक समुद्र, एक अजबखाना. दुसऱ्याचे उत्तर मात्र पैपैशानिशी येते. मीही अशा याद्या पुष्कळ सांगितल्या आहेत. मूर्तिजापुरात राहून कॉलेजात इतिहास शिकवणारा मी माणूस, प्रवास काही फार केलेला नाही. पण जो केला, त्यातली पहिली दहा-बारा वर्षे मी नुसता हिंडलो, पाहिले काहीच नाही, असे आता वाटते. म्हणून वाचकहो, आपल्यापुढे, आणि त्यातही दरवर्षी मुलांची सहल काढण्याचे ओझे ज्यांच्या खांद्यावर असते त्या गुरुजींपुढे, थोडे बोलायचे आहे. बाजार, गरिबांच्या वस्त्या, डोंगर-पाणी आणि वस्तुसंग्रहालये या जागी गेल्यावर नेमके पाहायचे काय?

प्रथम एक आठवण सांगतो. ती मी काही पाहिल्याची नाही. दुसऱ्या कोणी आम्हांला पाहिल्याची आहे.

आमच्या मूर्तिजापूर जंक्शनवरून अडीच फुटी अरुंद रुळांच्या दोन लायनी फुटतात. एक कारंजा, दारव्ह्यावरून यवतमाळला, ११३ किलोमीटर. दुसरी दर्यापूर, अंजनगावावरून अचलपूरला, ७६ किलोमीटर. लोक तिला शकुंतला म्हणतात. कापूस गोळा करून मोठ्या लायनीवर आणून टाकावा, एवढ्यासाठी ती घातली. मालकी एका खाजगी कंपनीची, आणि गंमत अशी की देश स्वतंत्र झाल्यावरही ती तशीच राहिली. गेली काही वर्षे या रुळांवरून नियमित गाडी धावत नाही. माझ्या लहानपणी मात्र ती धावे, आणि तीही वाफेच्या इंजिनावर. हे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेले, १९२३ पासून ओढायला लागलेले. १५ एप्रिल १९९४ रोजी ते काढून डिझेलचे इंजिन लावले.

ते निघण्याच्या एक-दोन वर्षे आधीची गोष्ट. आजीबरोबर मी कारंज्याला चाललो होतो. फलाटावर एक गोरा साहेब गळ्यात दोन कॅमेरे अडकवून उभा होता. इंजिनाचे त्याने समोरून, बाजूने, वाकून, बसून असे किती फोटो घेतले असतील देव जाणे. आम्हां पोरांना मोठी मौज वाटली. पण मग त्याने कॅमेरा डब्याकडे वळवला. खिडकीत बसलेल्या बाया, डोक्यावरची गाठोडी, दारात उकिडवा बसलेला एक म्हातारा, सगळ्यांचे फोटो. आजीने पदर तोंडावर ओढून घेतला आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "इंजिनाचं काय काढाचं ते काढ म्हनाव. माह्या फाटक्या लुगड्याचा फोटू सातासमुद्रापार नेऊन याले काय कराचं हाय?"

साहेब वाईट नव्हता. गोळ्या वाटल्या त्याने. कोणीतरी मोडक्या इंग्रजीत विचारले तेव्हा समजले की तो मँचेस्टरकडचाच, आणि आपल्या गावात बनलेले इंजिन सत्तर वर्षांनी कुठे चालते ते पाहायला आला आहे. म्हणजे इंजिनाकडे तो नात्याने पाहत होता. आमच्याकडे मात्र नुसता पाहत होता. हा फरक त्या वयात मला सांगता आला नसता, पण आजीला तो फटदिशी कळला होता.

आता बाजाराकडे वळू. परगावी गेल्यावर पहिल्या दिवशी सकाळी बाजारात जावे, असे मी सर्वांना सांगत असतो. देऊळ आणि किल्ला कुठे पळून जात नाहीत. बाजार मात्र सकाळीच खरा असतो. पण तिथे जाऊन रंगीबेरंगी फळांचे ढीग पाहून परत आलो, तर पाहिले काय? तीन गोष्टी विचाराव्या. भाव कोण ठरवतो? माप कोणाच्या हातात आहे? आणि माल उचलतो कोण?

हे प्रश्न मला पुस्तकाने शिकवले नाहीत, कारंज्याने शिकवले. शकुंतलेच्या वाटेवरचे हे कारंजा म्हणजे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. दत्तभक्तांना तसे ते ठाऊक असते. पण हिंदुस्थानातला पहिला नियंत्रित कापूस बाजार १८८६ साली याच कारंज्यात सुरू झाला, हे किती जणांना माहीत आहे? तेव्हा वऱ्हाड नावाला निजामाचा आणि कारभाराला इंग्रजांचा होता. १८५३ च्या तहाने तो इंग्रजांकडे सोपवलेला. हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकमाने हा बाजार बांधला गेला, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी कायदाच झाला. पुढे देशभर बाजार समित्यांचे जे कायदे झाले, त्यांचा मूळ नमुना हा. आपल्या राज्याचा बाजार समित्यांचा कायदा १९६३ चा, पण मुळे आपल्याच तालुक्याच्या शेजारी आहेत.

इंग्रजाला शेतकऱ्याचा कळवळा आला म्हणून हा बाजार बांधला, असे समजू नका. मँचेस्टरच्या गिरणीला स्वच्छ कापूस वाजवी भावात हवा होता. मधल्या हातांनी त्यात माती, पाणी, सरकी मिसळू नये ही त्याची काळजी. तरीपण उघड्या जागी लिलाव, ठरलेले माप, ठरलेली तोलाई, या गोष्टी त्या काळजीतून निघाल्या आणि थोड्याफार शेतकऱ्याच्याही उपयोगी पडल्या. इतिहासात असे पुष्कळदा होते.

आपल्याकडे गुरांच्या बाजारात रुमालाखाली हात घालून बोटांनी सौदा करण्याची पद्धत आहे. शेजारी उभ्या माणसालाही भाव कळत नाही. आणि तिकडे जपानात, टोकिओच्या मासळी बाजारात, लिलाव बोटांच्या खुणांनीच होतो. पण तिथे हात सर्वांना दिसेल असा वर धरतात. त्सुकिजीचा तो प्रसिद्ध घाऊक बाजार ऑक्टोबर २०१८ मध्ये तोयोसूला नेला. बोटे मात्र तीच राहिली. बोटे इथेही आणि तिथेही. एकीकडे झाकलेली, दुसरीकडे उघडी. बाजार समजून घ्यायचा तो असा. मणिपुरात इंफाळला इमा कैथेल म्हणून बाजार आहे, 'आयांचा बाजार' असा त्याचा अर्थ. हजारो विक्रेत्या, सगळ्या स्त्रिया. पुरुषाने तिथे दुकान मांडायचे नाही. परदेशी प्रवासी तिथल्या शालींचे आणि मासळीचे फोटो काढतात. पण १९३९ साली मणिपुरात तांदूळ बाहेर जाऊन गावात टंचाई झाली, तेव्हा ज्या बायका सरकारपुढे उभ्या ठाकल्या, त्यांत या बाजारातल्या बायका होत्या. हे कळल्यावर तोच बाजार वेगळा दिसू लागतो.

२०१९ च्या उन्हाळ्यात मला विलायतेत जाण्याचा योग आला. भाचा मँचेस्टरला नोकरीला असतो, त्याने तिकीट पाठवले. तेव्हा तिथला रॉयल एक्स्चेंज पाहिला. एकेकाळी जगभरच्या सुताचा आणि कापडाचा सौदा जिथे होई तो हा प्रचंड दिवाणखाना. आता त्याच्या पोटात नाटकगृह आहे. पण वर भिंतीशी भावांचा फळा अजून तसाच आहे. १९६८ साली व्यवहार कायमचा थांबला, त्या शेवटच्या दिवसाचे भाव त्यावर गोठून राहिले आहेत. भाच्याला नाटकाची जाहिरात दाखवायची घाई होती. मी मात्र त्या फळ्याखाली बराच वेळ उभा होतो. आमच्या गावातला माणूस पिढ्यान् पिढ्या विचारत आला, "आज भाव काय निघाला?" तो भाव निघायचा ते ठिकाण हे, आणि ह्याच्या शेजारचे लिव्हरपूल. लिव्हरपूलच्या कापूस बाजारात वऱ्हाडी कापसाला 'उमरा' म्हणत. उमरावती, म्हणजे आपली अमरावती, तिचा तो अपभ्रंश. अमरावती कुठे आहे हे ठाऊक नसलेले दलाल दिवसातून शंभर वेळा तिचे नाव घेत असत.

कौतुकाने घेत, असे मात्र नाही. आपला कापूस आखूड धाग्याचा. विलायतेच्या यंत्रांना लांब धाग्याचा अमेरिकन कापूस मानवायचा. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले, कापूस येणे थांबले, तेव्हा त्यांना नाइलाजाने हिंदुस्थानचा माल घ्यावा लागला. त्याला ते सरसकट 'सुरती' म्हणत, आणि लँकेशायरमध्ये 'सुरती' हा शब्द टाकाऊ मालाला शिवीसारखा वापरला जाऊ लागला. इकडे भाव आभाळाला भिडले. मुंबईत शेअरांचा जुगार माजला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच कोसळला. जी.आय.पी. रेल्वे आपल्या भागातून पुढे १८६७ मध्ये नागपूरला पोचली, तोवर ती तेजी ओसरलीही होती. पुढे हाच आखूड धागा जपानने आणि मुंबईच्या गिरण्यांनी उचलला.

तिकडे त्या चार वर्षांत लँकेशायरचे लाखो गिरणी कामगार बेकार झाले. चुली बंद पडल्या. गुलामांच्या श्रमाचा कापूस पुन्हा यावा, अशी ओरड त्यांनी केली असती तर नवल नव्हते, आणि तशी कुजबुज होतीही. पण १८६२ च्या अखेरच्या दिवशी मँचेस्टरच्या कामगारांनी सभा भरवून गुलामगिरी नष्ट करू पाहणाऱ्या लिंकनला पाठिंब्याचे पत्र पाठवले. जानेवारी १८६३ मध्ये लिंकनने त्यांना उत्तर लिहिले. मँचेस्टरला एका चौकात लिंकनचा पुतळा आहे. तिथे तो का, असे मी भाच्याला विचारले. तीन वर्षे रोज त्या चौकातून जाणारा तो पोरगा म्हणाला, "मामा, मी कधी वर पाहिलंच नाही."

यावरून गरिबांच्या वस्त्यांचा विषय येतो. खरे सांगायचे तर या भाषणाला मी तयार झालो तो याच भागासाठी.

मँचेस्टरच्या कामगारांची दैना एंगल्सने १८४५ च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवली आहे. अँकोट्स हा तिथला गिरण्यांचा जुना भाग. आज त्या लाल विटांच्या गिरण्यांत महागडी घरे आहेत, खाली कॉफीची दुकाने. आपल्या मुंबईच्या परळ-लालबागचेही हेच झाले. पहिली गिरणी १८५४ साली ताडदेवला स्थापन झाली. पुढे गिरणगाव वाढले. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि पुष्कळांना परत गिरणीचे दार दिसलेच नाही. फिनिक्स गिरणीच्या जागी आता मॉल आहे. १९२० नंतरच्या दशकात बांधलेल्या बी.डी.डी. चाळी, १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या, पाडून तिथे उंच इमारती उभ्या राहत आहेत. त्या चाळींत एकेका खोलीत दहा-दहा माणसे पाळीपाळीने झोपत. कोकणातले, घाटावरचे, आणि थोडे आपल्याकडचेही.

मी धारावीत गेलो होतो तो असाच, पाहायला म्हणून. अलीकडे धारावी दाखवायला वाटाडे असतात. परदेशी पाहुण्यांची टोळी छत्र्या घेऊन त्यांच्यामागे चालते. मी टोळीत नव्हतो, पण मनाने टोळीतलाच होतो. एका बोळात पालथ्या टोपल्यांवर पापड वाळत घातले होते, ऊन तिरपे आले होते, एक बाई वाकून पापड फिरवत होती. चित्र सुरेख होते. मी फोन काढला आणि फोटो घेतला.

बाईने वर पाहिले. "काहून काढून राह्यले फोटू?"

धारावीत 'काहून' ऐकून मी चपापलो. म्हटले, "बाई, तुम्ही कुठच्या?"

"दारव्ह्याकडच्या. तुमी?"

"मूर्तिजापूरचा."

"मंग शकुंतलेच्या वाटंवरचेच की तुमी!" ती पापड फिरवायची थांबली. "आपल्याकडचे हाये त एवढं बी समजत नाही काय? आंधी नाव-गाव इचाराव, मंग फोटू."

मला आजी आठवली. त्या साहेबाने गोळ्या तरी वाटल्या होत्या. मी फोटो तिच्यासमोर पुसून टाकला. मग तिने एका डब्यावर बसायला सांगितले आणि अर्धा तास आम्ही बोललो. तीन एकर कोरडवाहू. पऱ्हाटीला एक साल बोंडअळीने खाल्ले, दुसऱ्या साली पावसाने. नवरा आधी बिगारी कामाला आला, मग ती आली. खोलीचे भाडे किती, पाणी पहाटे किती वाजता येते, पापडाचे पैसे किलोवर कसे मिळतात, मुलगी कोणत्या वर्गात आहे, हे सगळे तिने हिशेबी माणसासारखे सांगितले. त्यात रडगाणे नव्हते. उलट तिनेच मला विचारले, "तुमच्याकडं मजुरी किती देतेत आता निंदनाले?" मला आकडा सांगता आला नाही. इतिहासाचा प्राध्यापक, गाव मूर्तिजापूर, आणि निंदणाचा दर माहीत नाही! ती हसली.

तेव्हापासून मी एक नेम केला आहे. ज्या वस्तीत मला कोणी नावाने ओळखत नाही, तिथे काही विकत घेतल्याशिवाय किंवा कोणाशी बोलल्याशिवाय कॅमेरा काढायचा नाही. आणि जो प्रश्न मी त्यांना विचारीन, तोच त्यांनी मला विचारला तर उत्तर देता आले पाहिजे. तुमचे भाडे किती? तर आमचेही सांगावे. काही मंडळी म्हणतात, अशा वस्त्या पाहायला जाऊच नये, तो त्यांच्या गरिबीचा तमाशा होतो. मला हे पटत नाही. न पाहिल्याने वस्ती नाहीशी होत नाही, आपण तेवढे सुटतो. अण्णा भाऊ साठे वाटेगावाहून मुंबईपर्यंत पायी आले, घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहिले, आणि १९६१ साली रशियाला जाऊन आले. त्या प्रवासावर त्यांनी पुस्तक लिहिले. वस्तीतला माणूस जग पाहायला निघाला, तेव्हा तो राजवाड्यांइतकाच तिथल्या कामकरी माणसाला शोधत होता. मराठीतल्या प्रवासवर्णनांत ते पुस्तक मला वेगळे वाटते ते म्हणून. शाळेच्या ग्रंथालयात नसेल तर आणावे.

आपल्याच तालुक्यातल्या दापुरीत मामाकडे वाढलेले गाडगेबाबा आयुष्यभर प्रवासच करत होते. त्यांना यात्रेकरू म्हणावे की आणखी काही, ठाऊक नाही. गावात शिरले की आधी खराटा हातात घेत. म्हणजे प्रत्येक गाव ते घाणीच्या बाजूने पाहायला सुरुवात करीत. मुंबईत गेले तेव्हा त्यांना दिसले ते जे.जे. रुग्णालयाबाहेर रस्त्यावर निजलेले रुग्णांचे नातेवाईक, आणि तिथे धर्मशाळा उभी राहिली. वलगावजवळ पेढी नदीच्या काठी २० डिसेंबर १९५६ ला त्यांनी देह ठेवला तोही वाटेतच.

डोंगर-पाण्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्याचे वर्णन करणारे पुष्कळ आहेत. 'निसर्गरम्य' हा शब्द ऐकला की मला झोप येते. दगड कोणता, पाणी कुठून येते, कुठे जाते, आणि तिथला माणूस त्यावर जगतो कसा, एवढे विचारले की डोंगर बोलायला लागतो. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार घ्या. सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटर खोल असे हे विवर आकाशातून आलेल्या पाषाणाच्या आघाताने झाले. आपल्या काळ्या बसाल्ट खडकात झाले, यात त्याचे महत्त्व. अमेरिकेत ॲरिझोनात असेच एक विवर आहे, सव्वा किलोमीटरच्या आसपास रुंदीचे, पण तिथला खडक वाळूचा आणि चुन्याचा. लोणारचे वय पूर्वी पन्नास हजार वर्षे धरत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ते सुमारे पाच लाख सत्तर हजार निघाले. जून २०२० मध्ये तळ्याचे पाणी गुलाबी झाले तेव्हा पुष्कळ तर्ककुतर्क झाले. पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून सांगितले की खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग. त्याच वर्षी लोणार रामसर यादीत गेले. मुलांना तिथे नेले तर लवणासुराची कथा जरूर सांगा, दैत्यसूदनाचे देऊळ दाखवा. पण काठावरचा एक दगडही हातात द्या.

आणि खारे पाणी पाहायला फार दूर जायचेही कारण नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला आपला खारपाणपट्टा कोणी सहलीला निवडत नाही. वर काळीभोर जमीन, खाली विहिरीला खारे पाणी. आमच्या नात्यात मुलगी देताना आधी विचारतात, "गावात पानी कसं हाय?" जगातले लोक पैसे भरून मृत समुद्रावर जातात. समुद्रसपाटीच्या सव्वाचारशे मीटरहून खाली असलेल्या त्या पाण्यावर उताणे पडून वर्तमानपत्र वाचतात, आणि ते पाणी दरवर्षी मीटरभर खाली जात आहे असे ऐकून हळहळतात. हळहळावेच. पण खारपाणातल्या एखाद्या गावात जाऊन तिथल्या विहिरीचे पाणी एक घोट पिऊन पाहिलेले गुरुजी किती असतील?

राहता राहिले संग्रहालय. याला जुने लोक अजबखाना म्हणत. नागपूरच्या १८६३ सालच्या संग्रहालयाला तर अजून अजबबंगलाच म्हणतात. मुले आत शिरली की पेंढा भरलेल्या वाघापाशी गर्दी करतात आणि नाण्यांच्या दालनातून पळतात. त्यांना दोष देऊ नये. पाटीवर नुसते 'ताम्रवस्तू' लिहिले असेल तर पोराने थांबावे कशाला? प्रत्येक वस्तूपाशी एकच प्रश्न विचारायला शिकवावे. ही इथे आली कशी? बालाघाट जिल्ह्यात गुंगेरिया येथे १८७० साली जमिनीत तांब्याच्या शेकडो वस्तूंचा साठा सापडला. त्यातल्या काही नागपूरला राहिल्या, काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या. एकाच खड्ड्यातली भावंडे, अर्धी इथे आणि अर्धी तिथे.

त्याच ब्रिटिश म्युझियममध्ये 'अमरावती' अशी पाटी वाचून मी हरखलो होतो. जवळ गेलो, तर ती आंध्रातली अमरावती निघाली. कृष्णाकाठच्या बौद्ध स्तूपाचे ते पांढरे कोरीव दगड, १८५९ मध्ये मद्रासहून जहाजाने नेलेले. आपल्या अमरावतीचे काही तिथे नसेल असे मात्र नाही. १८६६ साली फोर्ब्स वॉटसन नावाच्या अधिकाऱ्याने हिंदुस्थानी कापडांचे नमुने कापून, चिकटवून अठरा खंड तयार करवले. एकूण सातशे नमुने. कोणत्या प्रांतातली बाई कसले लुगडे नेसते, पुरुष कसले पागोटे बांधतो, हे विलायतेतल्या गिरणीवाल्यांना कळावे आणि त्यांनी तसेच कापड काढून इकडे विकावे, हा हेतू. तेही संग्रहालयच, पुस्तकाच्या आकाराचे. असा एखादा खंड काचेमागे दिसला तर 'किती सुंदर वीण' एवढे म्हणून पुढे जाऊ नये. तो कापून घेतलेला तुकडा ज्या मागावरचा, त्या मागाचे पुढे काय झाले, हे मुलांना विचारावे. मुंबईला भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये उघडले; व्हिक्टोरिया आणि अल्बर्टचे नाव जाऊन भाऊ दाजींचे नाव १९७५ मध्ये आले. तिथे कारागिरांच्या छोट्या मातीच्या मूर्ती आहेत. कुंभार, सोनार, पिंजारी. बाहेर घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती. त्या मूर्तींपुढे एका खेड्यातल्या मुलीने मोठ्याने म्हटले होते, "आमच्या घरचा चरखा असा नव्हता, याची दोरी उलटी हाय." पाहिले तर तिचे म्हणणे विचार करण्यासारखे होते.

मागच्या हिवाळ्यात एका शाळेच्या गुरुजींबरोबर मी तीसेक मुलांना कारंज्याला नेले. लांब काहीच नाही, खर्च एस.टी.च्या भाड्याएवढा. मीच हौसेने मुलांना एक कागद दिला होता: मालाची आवक, भाव, तोलाई, आणि शेवटी 'हमालांची स्थिती'. तुरीचे दिवस होते. पोत्यांच्या थप्प्या लागल्या होत्या. मुले वह्या घेऊन हमालांभोवती जमली आणि विचारू लागली, "तुम्हांला किती मिळते? घर कुठे आहे? शिकले का नाही?" एक मुलगा मात्र थप्पीच्या आड जाऊन उभा राहिला. गुरुजी माझ्या कानात म्हणाले, "सर, त्याचे वडील इथंच काम करतात."

मला क्षणभर फलाटावरचा तो साहेबच वाटलो मी. एवढे सगळे आपणांस सांगणारा मी, आणि कागदावर शेवटचे कलम मीच घातलेले.

त्याचे वडीलच पुढे आले. घाम पुसला आणि मुलांना म्हणाले, "गरिबीचं नका इचारू, ते सगळ्यायले माईत हाय. पोतं कसं उचलतेत ते इचारा." मग त्यांनी दाखवले. लोखंडी हूक पोत्याच्या कोणत्या कोपऱ्यात घालायचा म्हणजे ताग फाटत नाही, पाठ केव्हा वाकवायची, श्वास केव्हा धरायचा आणि तिसऱ्या पावलाला का सोडायचा, थप्पीचे वरचे पोते रचताना तोंड कोणीकडे ठेवायचे. मुले गप्प होऊन पाहत होती. दोघा-तिघांनी रिकामे पोते पाठीवर घेऊन पाहिले. थप्पीच्या आडचा मुलगा हळूहळू पुढे आला, आणि थोड्या वेळाने तोच बाकीच्यांना सांगू लागला की असे नाही, असे.

परतीच्या एस.टी.त तो माझ्या शेजारी बसला होता. मी वहीत टिपलेले आकडे पुन्हा वाचत होतो. त्याने वाकून पाहिले, माझ्या हातातले पेन घेतले, हमालीचा दर खोडला आणि शेजारी बरोबर लिहून दिला.